सहा पेन्सांत महाल

संपादक मंडळाने 'परदेशातील माझे अनुभव' या विषयावर लेख मागितला होता. त्या नावाखाली बर्फ, मॉल आणि तिथे मिळणारी कणीक यांवर आपल्या ग्रुपवर पुरेसं लिहून झालंय, म्हणून मी दुसरंच काही पाठवते आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचं गाव आहे. हा लेख तिथल्या जुन्या नाचघरांचा आणि चित्रपटगृहांचा आहे. लालबाग-परळच्या शाळेच्या स्मरणिकेत त्याचं काय काम, असं कोणी विचारेल. पण आपल्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते, आणि ब्लॅकपूल हे गिरणी कामगारांच्या पैशांवर उभं राहिलेलं गाव आहे. इतिहासाच्या बाई कुठल्याही किल्ल्याचं चित्र दाखवलं की आधी विचारायच्या, "याला पैसा कोणी दिला?" मी मँचेस्टरला एका बँकेच्या संगणकप्रणालीच्या कामासाठी दोन वर्षं होते. शनिवारी-रविवारी ब्लॅकपूलला जायचे, तेव्हा हाच प्रश्न बरोबर असायचा.

आधी नकाशा. मँचेस्टरच्या भोवती ओल्डहॅम, बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्नली, प्रेस्टन अशी गावं आहेत. या सगळ्याला मिळून लँकेशायरचं गिरणगाव म्हणायला हरकत नाही. यातलं ओल्डहॅम आपल्याला परकं नाही. प्लॅट ब्रदर्स ही यंत्रं बनवणारी कंपनी तिथली. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी काढली, तिची यंत्रं प्लॅटकडूनच आली होती. म्हणजे तिथल्या आणि इथल्या कामगारांच्या कानांवर एकाच घराण्याच्या यंत्रांचा खडखडाट पडत होता. साळखात्यात काम केलेला माणूस घरीही ओरडून बोलतो हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. लँकेशायरच्या विणकर बायकांनी त्यावर वेगळा उपाय काढला होता. त्या आवाज न करता, ओठ मोठे हलवून बोलायच्या आणि समोरची ते ओठांवरून वाचायची. बस स्टॉपवरच्या दोघी रस्त्यापलीकडच्या तिसरीशी अशा गप्पा मारत असत, आणि मधल्या पुरुषांना पत्ता लागत नसे.

या गिरणगावांमध्ये 'वेक्स' नावाची सुट्टी असे. वेक्स म्हणजे मूळची जत्रा. ज्या संताच्या नावाचं गावचं चर्च, त्याच्या सणाची जत्रा. गिरण्या आल्या तरी जत्रेच्या दिवशी माणसं कामावर येईनात. मालकांनी दंड करून पाहिले, काढून टाकून पाहिलं, आणि शेवटी हात टेकून ते दिवस गिरणीच बंद ठेवायला लागले. तेवढ्यात बॉयलर साफ होत, दुरुस्त्या उरकत. शिमग्याला आणि गणपतीला कोकणातली माणसं रजा मिळो न मिळो गावी जायची आणि खात्यांत बदली कामगारांची धावपळ उडायची, ते आठवून पाहा. गोष्ट तीच आहे. फरक एवढाच की लँकेशायरमध्ये अख्खं गाव एकदम बंद व्हायचं. बोल्टनचा आठवडा जूनच्या अखेरीस, ओल्डहॅमचा ऑगस्टच्या शेवटी, मधल्या आठवड्यांत बाकीची गावं, आणि जुलैच्या उत्तरार्धात स्कॉटलंडहून ग्लासगोची माणसं. त्या आठवड्यात गावातल्या धुराड्यांतून धूर निघत नसे आणि लांबचे डोंगर दिसत.

आपली माणसं सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून आपापल्या गावी गेली. लँकेशायरच्या कामगाराला मागे गाव उरलंच नव्हतं. दोन-तीन पिढ्यांपूर्वी शेत सुटलेलं. तो समुद्रावर जायला लागला. १८४६ मध्ये रेल्वे ब्लॅकपूलपर्यंत पोचली होती. पगारी सुट्टीचा कायदा १९३८ चा. तोवर सुट्टीच्या आठवड्याचा पगार बुडायचा. म्हणून गिरणीत, गल्लीत, दारूच्या गुत्त्यावर भिशीसारखे क्लब असत. वर्षभर दर आठवड्याला काही पेन्स टाकायचे, वेक्सच्या आधी सगळे पैसे परत घ्यायचे आणि ब्लॅकपूलला जाऊन ते एका आठवड्यात उडवून यायचं. या व्यवहारातून ब्लॅकपूलला एक फायदा झाला, जो दुसऱ्या कुठल्या समुद्रकाठच्या गावाला त्या प्रमाणात मिळाला नाही. दर गावाचा आठवडा वेगळा, म्हणून उन्हाळाभर दर शनिवारी नवी गर्दी. सर्व्हरवरचा भार असा आपोआप विभागून मिळाला तर मी आणखी काही मागणार नाही.

सुरुवातीला गावातल्या प्रतिष्ठितांना ही गर्दी नकोच होती. १८६३ मध्ये समुद्रात शिरणारा पहिला धक्का बांधला, नॉर्थ पिअर. त्याच्यावर चालायला पैसे घेत, आणि तो सभ्य लोकांचा मानला जाई. पाच वर्षांनी दक्षिणेला दुसरा झाला, जो आज सेंट्रल पिअर म्हणून ओळखला जातो. त्याच्यावर खुल्या हवेत नाच सुरू झाला आणि गर्दी तिकडे लोटली. ब्लॅकपूलच्या नाचाची खरी सुरुवात या लाकडी फळ्यांवर, समुद्राच्या वाऱ्यात झाली. छप्पर नाही, झुंबर नाही, एक बँड आणि पायांत लाकडी तळाचे जोडे.

१८७८ मध्ये विंटर गार्डन्स उघडलं. काचेखाली झाडं, फुलांचं दालन, शास्त्रोक्त संगीत. हेतू उच्चभ्रूंना आणण्याचा होता, पण उच्चभ्रू पुरेसे आले नाहीत. १८८७ मध्ये तिथे बिल हॉलंड नावाचा व्यवस्थापक आला. त्याचा किस्सा ब्लॅकपूलमध्ये अजून सांगतात. त्याने शंभर गिनींचा गालिचा घेतला. संचालक म्हणाले, हे गिरणीवाले त्याच्यावर थुंकतील. हॉलंडने ते मनाला लावून न घेता जाहिरातच केली की या, आणि माझ्या शंभर गिनींच्या गालिच्यावर थुंकून जा. लोक गालिचा बघायला लोटले. मला हा माणूस आवडतो. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून त्याला गोणपाट घालायचं नाही, हे त्याला धंद्याच्या बुद्धीने कळलं होतं. त्यात दयाबुद्धी फारशी नसावी.

मग टॉवर आला. पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनातला आयफेल टॉवर बघून आलेल्या जॉन बिकरस्टाफ या महापौराने तसाच आपल्या गावात उभारायचं ठरवलं. १४ मे १८९४ रोजी तो उघडला. उंची १५८ मीटर, म्हणजे आयफेलच्या निम्म्याहून थोडी जास्त. आत शिरायला सहा पेन्स, लिफ्टने वर जायचं तर आणखी सहा, पायथ्याच्या सर्कशीला आणखी सहा. चांगल्या विणकर बाईची आठवड्याची कमाई तेव्हा एका पौंडाच्या, म्हणजे २४० पेन्सांच्या आसपास होती. सहा पेन्स तिला जड होते, पण परवडणारे होते.

इथून दोन कंपन्यांची चुरस लागली आणि त्या चुरशीतून ब्लॅकपूलचं वैभव जन्माला आलं. टॉवरला उत्तर म्हणून विंटर गार्डन्सने १८९६ मध्ये एम्प्रेस बॉलरूम बांधला. कमानीसारखं गोलाकार छत आणि साडेबारा हजार चौरस फुटांची जमीन. त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या नाचघरांपैकी एक. त्यावर टॉवर कंपनीने फ्रँक मॅचम या नाटकगृहांच्या नामवंत वास्तुविशारदाला बोलावलं, आणि १८९९ मध्ये त्याचा टॉवर बॉलरूम उघडला. दोन मजली सज्जे, सोनेरी गिलावा, छतावर ढगांची आणि देवतांची चित्रं, मंचाच्या माथ्यावर शेक्सपिअरच्या एका कवितेतली ओळ. जमीन १२० फूट बाय १०२ फूट, महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या ३०,६०२ ठोकळ्यांची. एवढे ठोकळे कोणी मोजले असतील असा प्रश्न माझ्या व्यवसायामुळे मला पडतो. पण त्या जमिनीवर उभं राहिल्यावर तो आकडा खरा वाटतो. राजवाड्यात असतं तसं हे दालन आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून ओल्डहॅमच्या सूत कातणाऱ्यांसाठी बांधलेलं आहे. त्याच वर्षी अलहांब्रा नावाची तिसरी इमारत उभी राहिली आणि लवकरच दिवाळखोरीत गेली. टॉवर कंपनीने ती घेतली आणि १९०४ मध्ये 'पॅलेस' नावाने पुन्हा उघडली. तीन महाल, सगळे चालत जाण्याच्या अंतरात.

टॉवर बॉलरूमचे नियम कडक होते. पुरुषाने बाईशिवाय नाचायचं नाही. गैरवर्तन केलं की तत्काळ बाहेर. यातल्या पहिल्या नियमाची गंमत अशी की बायकांनी बायकांबरोबर नाचायला आडकाठी नव्हती. गिरणीतल्या मुली जोडीनेच यायच्या, एकमेकींबरोबर नाचायच्या, आणि मुलगे कडेला उभे राहून हिंमत गोळा करायचे. रविवारी नाच बंद असे, फक्त धार्मिक संगीत.

या रविवारपाशी मी थोडी थांबते. ब्लॅकपूलमध्ये रविवारी नाचावं की नाही असा वाद होता, त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत रविवारच नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन काढली, आणि सहा वर्षं सभा, अर्ज, सह्या करून १० जून १८९० रोजी मालकांकडून आठवड्याची सुट्टी मान्य करून घेतली. मुंबईच्या कामगाराला हक्काचा रविवार मिळाला आणि चार वर्षांनी ब्लॅकपूलचा टॉवर उघडला. यंत्रं एका कारखान्यातली, कापूस एकाच मंडईतला, आणि सुट्टीच्या हिशोबात एवढं अंतर.

आता पैशाचा प्रश्न. लँकेशायरच्या कापडाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होता. १९१३ साली एकट्या हिंदुस्थानात सुमारे ३०० कोटी यार्ड कापड तिथून आलं. तेव्हा ब्लॅकपूलच्या भिशीतल्या दर शिलिंगात आपल्याकडच्या धोतरांचा आणि लुगड्यांचा वाटा होता, यात शंका नाही. एम्प्रेस बॉलरूमच्या जोडीने विंटर गार्डन्समध्ये 'इंडियन लाउंज' नावाचं हिंदुस्थानी धाटणीचं दालनही होतं. ज्या देशाला कापड विकून सुट्टीचे पैसे झाले, त्या देशाच्या नक्षीखाली बसून लोक चहा पीत होते. त्यांच्या मनात हा हिशोब आला असेल असं मला वाटत नाही.

'म्हणजे तो महाल आपल्या लुटीतून बांधला' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकदा तसं म्हणाले होते. समोर बसलेल्या बर्नलीच्या सहकारी बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आपल्या आजीचं सांगितलं. आजी बाराव्या वर्षी गिरणीत लागली, अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस साचे. या अर्धवेळ मुलांची पद्धत बंद करणारा कायदा १९१८ मध्ये झाला आणि अमलात यायला आणखी तीन वर्षं गेली. दुपारच्या वर्गात ती मुलं बाकावर डोकं टेकून झोपत. त्या आजीच्या आयुष्यात वर्षातला एक आठवडा सोनेरी छताखाली गेला. लूट कुठे झाली, कोणी केली, हे विचारायलाच हवं. पण त्या बाईने आपले सहा पेन्स कष्टाचेच दिले होते.

दोन्हीकडच्या कामगारांची गाठ कशी पडत होती ते १९३० च्या हिवाळ्यात दिसलं. १२ डिसेंबरला काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीसमोर आडवा होऊन बाबू गेनू मेला. तो आपल्याच गिरणगावातला गिरणी कामगार. बहिष्कारामुळे आणि जागतिक मंदीमुळे हिंदुस्थानात येणारं लँकेशायरचं कापड १९१३ च्या मानाने पाचव्या हिश्शावर उतरलं. पुढच्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असताना मुद्दाम लँकेशायरमध्ये गेले. डार्वेनच्या गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेले गांधीजी, हा फोटो आपल्या पुस्तकात नव्हता, पण बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. त्या बायकांतल्या अनेकींचं काम आपल्या बहिष्कारामुळे गेलं होतं किंवा अर्ध्यावर आलं होतं. तरी त्या हसताहेत.

आणि एवढं होऊनही १९३० चं दशक हा ब्लॅकपूलच्या नाचघरांचा आणि चित्रपटगृहांचा बहर होता. गिरण्या आचके देत असताना हे कसं, असा प्रश्न पडतो. मला दिसलेलं उत्तर असं की ज्यांचं काम टिकलं होतं त्यांनी सुट्टी सोडली नाही. कपात घरात केली, ब्लॅकपूलमध्ये नाही. शिवाय नाच आता नुसती मौज राहिली नव्हती. १९२० च्या ईस्टरमध्ये एम्प्रेस बॉलरूममध्ये पहिला ब्लॅकपूल डान्स फेस्टिव्हल झाला. वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि फॉक्सट्रॉट या तीन तालांवर नवे नाच बसवण्याची ती स्पर्धा होती. आज जगभरचे बॉलरूम नर्तक या महोत्सवाकडे आपल्याकडचे गायक 'सवाई गंधर्व'कडे बघतात तसे बघतात. १९२८ मध्ये टॉवर कंपनीने विंटर गार्डन्सही विकत घेतलं आणि जुनी चुरस संपली.

१९२९ मध्ये टॉवर बॉलरूममध्ये वुर्लिट्झर ऑर्गन बसवला. हे वाद्य मूळचं मूकपटांच्या थिएटरांचं. एका माणसाने हातापायांनी वाजवायचं आणि त्यातून बासरी, तुतारी, ढोल, घंटा सगळं काढायचं. पुढच्या वर्षी तिथे रेजिनाल्ड डिक्सन आला. शेफील्डचा हा मुलगा मूकपटांना साथ करत वाढला होता. बोलपट आले आणि थिएटरांतल्या वादकांचे दिवस भरले. आपल्याकडचे मूकपटांचे पेटीवालेही असेच घरी बसले. डिक्सनला मात्र नाचघराने उचललं. ऑर्गनवर नाचासाठी ताल धरता येत नाही, असा तेव्हा समज होता. त्याने तो मोडला आणि १९७० पर्यंत, चाळीस वर्षं, तिथेच वाजवलं. बीबीसी रेडिओवरून त्याचं वादन घरोघरी पोचलं. त्याला 'मिस्टर ब्लॅकपूल' म्हणत.

चित्रपटगृहांकडे मी उशिरा वळले याचं कारण ब्लॅकपूलमध्ये त्यांचं स्थान नाचघरांच्या खालचं होतं. तिथे सिनेमा ही पावसाची सोय होती. लॉजवाल्या मालकिणी न्याहारी झाली की पाहुण्यांना बाहेर काढत आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आत घेत नसत. आयरिश समुद्राचा पाऊस आडवा येतो, छत्री उलटते. अशा वेळी काही पेन्सांत चार तास कोरडं बसायला मिळायचं. १९२१ मध्ये चर्च स्ट्रीटवर रीजंट उघडलं. पॅलेसमध्ये सिनेमाचं दालन होतं. हिपोड्रोम या जुन्या नाटकगृहाचं सिनेमागृह झालं. ग्रँड थिएटरही मॅचमचंच, १८९४ चं, अतिशय देखणं. त्यालाही हिवाळ्यात पडदा लावून सिनेमे दाखवावे लागले. आणि १९३९ च्या मे महिन्यात ओडियन आलं, तीन हजारांहून अधिक खुर्च्यांचं. चार महिन्यांत युद्ध सुरू झालं.

युद्धाने ब्लॅकपूलचं नुकसान केलं नाही, उलट गर्दी दिली. हवाई दलाच्या साडेसात लाखांहून अधिक नव्या सैनिकांचं प्रशिक्षण या गावात झालं. लॉजच्या खोल्यांत त्यांना ठेवलं, समुद्रकाठच्या रस्त्यावर कवायत, विंटर गार्डन्समध्ये तारयंत्राची टकटक, आणि संध्याकाळी सिनेमा किंवा नाच. (पहिल्या युद्धातही एम्प्रेस बॉलरूम कामाला आला होता. १९१८ मध्ये नौदलाने तो ताब्यात घेऊन तिथे एका हवाई जहाजाच्या वायूच्या पिशव्या जोडल्या. एवढी मोठी, मध्ये खांब नसलेली, गुळगुळीत जमिनीची जागा दुसरीकडे कुठे मिळणार?) युद्धानंतर १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये वर्षभरात १६३ कोटी सिनेमाची तिकिटं खपली. १९८४ मध्ये ५ कोटी ४० लाख. मधल्या काळात काय झालं ते या दोन आकड्यांत आलं.

नाचघरांचा उतार हळू होता, पण त्यातली एक रात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. २४ जुलै १९६४, ग्लासगोवाल्यांचा सुट्टीचा आठवडा, एम्प्रेस बॉलरूममध्ये रोलिंग स्टोन्स. पुढच्या रांगांतून थुंकणं आणि शिव्या, मंचावरून एक लाथ, आणि मग दंगल. झुंबरं फुटली, मोठ्या पियानोचे तुकडे झाले. नगरपरिषदेने त्या बँडवर घातलेली बंदी २००८ मध्ये उठवली. बिल हॉलंडच्या गालिच्यावर अखेर थुंकले म्हणायचे.

टॉवर बॉलरूम तर त्याआधीच जळाला होता. डिसेंबर १९५६ मध्ये आग लागली आणि ती सगळी लाकडी जमीन गेली. दुरुस्तीला जवळजवळ दोन वर्षं आणि पाच लाख पौंड लागले. कंपनीने ते दालन होतं तसंच पुन्हा केलं, ठोकळ्यांसकट. हा निर्णय सोपा नव्हता, कारण ज्यांच्यासाठी करायचं ते गिऱ्हाईक निघून चाललं होतं. १९५८ मध्ये ब्रिटन कापड निर्यातीपेक्षा जास्त आयात करायला लागलं. त्या आयातीत हाँगकाँगचं, पाकिस्तानचं आणि आपलं कापड होतं. पुढची वीसेक वर्षं लँकेशायरमध्ये सरासरी आठवड्याला एक गिरणी बंद पडत गेली. ज्या चालल्या त्यांच्या रात्रपाळ्या गुजरातहून, पंजाबहून, मीरपूरहून आलेल्या माणसांनी उचलल्या, आणि त्या गावांतली रिकामी पडू लागलेली थिएटरं रविवारी हिंदी सिनेमे दाखवून भाडं भरू लागली. ज्यांच्याकडे पैसा होता ते स्वस्त विमानांनी स्पेनला जायला लागले. तिथे पाऊस नव्हता.

पॅलेस १९६१ मध्ये पाडला, जागी डिपार्टमेंट स्टोअर. हिपोड्रोमच्या जागी एबीसी झालं, तिथे बीटल्स गायले, नंतर तो नाइट क्लब झाला, आता ती इमारत नाही. रीजंटमध्ये बिंगो आला. ओडियनमध्ये आता पुरुष बायकांच्या वेषात नाचतात, आणि तो प्रयोग मी पाहिलाय, उत्तम असतो. ग्रँड थिएटर पाडायला निघाले होते, गावकऱ्यांनी अडवलं आणि १९८१ मध्ये ते पुन्हा उघडलं. टॉवर आणि विंटर गार्डन्सचे मालक बदलत राहिले, आणि २०१० मध्ये नगरपरिषदेने दोन्ही विकत घेतले. ब्लॅकपूल आज श्रीमंत गाव नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित भागांच्या यादीत ते पहिलं होतं. मागच्या गल्ल्यांत गेलं की ते दिसतं. अशा नगरपरिषदेने नाचघरावर पैसे घालावेत का, यावर तिथे वाद आहे आणि तो वाद खोटा नाही. माझं मत विचाराल तर घालावेत.

कारण दुसरं काय होतं ते आपण पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणसं संपावर गेली तेव्हा आपण बालवाडीतही नव्हतो. पुढे आपल्याच शाळेच्या गच्चीवरून आपण धुराडी एकेक करून पडताना पाहिली. गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा शहराला मोकळा मिळेल असं १९९१ चा नियम म्हणत होता. २००१ मध्ये एका दुरुस्तीने त्या 'मोकळ्या'चा अर्थ बदलला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ मान्य केला. कापूस पिंजायच्या खात्यांत मॉल आणि नाइट क्लब आले. तिथल्या प्रवेशाचा दर सहा पेन्सांच्या हिशोबातला नव्हता. आपल्याकडेही महाल होते, फक्त ते सोनेरी नव्हते. परळचं दामोदर हॉल १९२२ चं, सोशल सर्व्हिस लीगने बांधलेलं. पाळी संपवून आलेले कामगार तिथे नाटकांच्या तालमी करत, आणि तिथूनच कामगार रंगभूमी उभी राहिली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. भारतमाता सिनेमाची जमीन गिरणीची. ते बंद पडायची वेळ आली तेव्हा लालबागकरांनी आणि मराठी सिनेमावाल्यांनी आवाज उठवून ते वाचवलं. या जागांचा इतिहास कुठे आहे? टॉवर बॉलरूमच्या ठोकळ्यांची संख्या मला माहीत आहे. हनुमान थिएटरात किती माणसं बसायची, ते मला कोणी सांगू शकलं नाही.

एक गोष्ट सांगून थांबते. ब्लॅकबर्नला मिचेल आणि केन्यन नावाचे दोघे भागीदार होते. १९०० ते १९१३ च्या दरम्यान ते लँकेशायरभर फिरून फिल्म काढायचे. गिरणी सुटायच्या वेळी फाटकासमोर कॅमेरा लावायचा, बाहेर पडणारी माणसं टिपायची आणि त्याच आठवड्यात जत्रेतल्या तंबूत दाखवायची. माणसं स्वतःला पडद्यावर बघायला पैसे देऊन यायची. ब्लॅकपूलच्या धक्क्यांवर फिरणारे लोकही त्यांनी टिपले. नंतर धंदा बसला, आणि ती रिळं दुकानाच्या तळघरात लोखंडी पिंपांत पडून राहिली. १९९४ मध्ये दुकानाचं काम निघालं, तेव्हा पिंपं भंगारात जाता जाता वाचली. आत आठशेच्या वर फिल्म निघाल्या. मी त्यातल्या काही पाहिल्यात. शाली घेतलेल्या बायका, टोप्या उडवणारे पोरगे, एक मुलगा कॅमेऱ्यासमोरून हटतच नाही. त्यांच्यातले बरेच त्या उन्हाळ्यात टॉवर बॉलरूममध्ये गेले असतील.

तर मंडळी, डिसेंबरच्या संमेलनाला येताना घरातली पिंपं जरा उघडून पाहा. गिरणीचे पास, दामोदर हॉलची तिकिटं, कामगार कल्याण नाट्यस्पर्धेतले वडिलांचे फोटो, भारतमाताची हँडबिलं, काहीही. फाटलेलं असलं तरी चालेल. स्कॅनर मी घेऊन येते, आणि मागे नाव-साल लिहायला पेन्सिलीही. सर आणि बाई, तुमच्याकडे जुन्या स्नेहसंमेलनांचे फोटो असतील तर तेही हवे आहेत.